कॉपीचा आळ आलाय? अब्रुनुकसानीची नोटीस जरा थांबव

अरे, आधी घाबरू नकोस. सरांनी वर्गासमोर नाव घेतलं की गावभर बोभाटा होतो, तुझा राग मला कळतो. पण बेळगावातली बरीच पोरं पहिल्याच दिवशी वकिलाची नोटीस धाडतात आणि कॉपीची चौकशी तशीच सोडून देतात. तू आधी चौकशी लढ.

- विद्यापीठाची चौकशीची नोटीस कन्नडमधून असेल तर मराठीत नीट समजून घे, तोवर सही नको.
- उत्तर लेखी, मुदतीत दे. पोच घे.
- तुझ्या लिखाणाचे जुने मसुदे, ईमेल जप.

आता बदनामीचं. शिक्षकानं चौकशी समितीकडे सद्भावनेनं केलेली तक्रार सहसा बदनामी ठरत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये, म्हणजे बदनामीच्या कलमात, तसा अपवादच आहे. तेच कुणी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर खोटं पसरवलं असेल तर गोष्ट वेगळी. तारखेसकट स्क्रीनशॉट आजच काढ, कारण दिवाणी दाव्याला मुदत १ वर्षाचीच. आणि सरांविषयी तू स्वतः ग्रुपवर एक अक्षरही लिहू नकोस, उलटा दावा तुझ्यावरच येईल.

विद्यापीठानं बाजू न ऐकताच शिक्षा दिली, तर कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात रिट याचिका करता येते. ते पुढचं पुढे बघू. उत्तराचा मसुदा झाला की दाखव मला.