माफी की राइट-ऑफ? वाचकांचे दोन प्रश्न

प्रश्न : आमच्याकडे पारावर रोज एकच वाद. एक गट म्हणतो, उद्योगपतींचे साडेचौदा लाख कोटी माफ केले, शेतकऱ्याच्या दीड लाखाला मात्र पैसा नाही. दुसरा म्हणतो, उद्योगपतींचा एक रुपयाही सुटलेला नाही. खरं कोणाचं? (एक वाचक, चोपडा)

उत्तर : दोन्ही गट अर्धं सांगतात. हा आकडा केंद्र सरकारनंच ऑगस्ट 2023 मध्ये संसदेत दिला होता. 2014-15 ते 2022-23 या नऊ वर्षांत वाणिज्य बँकांनी 14.56 लाख कोटींची कर्जं राइट-ऑफ केली. त्यात मोठे उद्योग आणि सेवा क्षेत्राचा वाटा सुमारे 7.40 लाख कोटी, म्हणजे निम्मा. बाकीच्यात इतर सगळे कर्जदार आले. त्यामुळे 'उद्योगपतींचे साडेचौदा लाख कोटी' म्हणणारा आकडा दुप्पट करून सांगतो.

राइट-ऑफ म्हणजे माफी नव्हे. हप्ता 90 दिवस थकला की कर्ज अनुत्पादक (एनपीए) ठरतं (पीककर्जाला मुदत हंगामांवर मोजतात). मग बँक आपल्या नफ्यातून दरवर्षी तरतूद करत जाते, म्हणजे बुडण्याच्या शक्यतेपोटी रक्कम बाजूला ठेवते, आणि पूर्ण रकमेची तरतूद झाली की ते कर्ज ताळेबंदातून काढते. कर्जदाराची देणेदारी तशीच राहते, वसुलीचे दावेही चालू राहतात. माफीत मात्र सरकार तिजोरीतून बँकेला पैसे भरतं, शेतकऱ्याचं खातं बेबाक होतं आणि विकास सोसायटीतून नवं पीककर्ज घेता येतं.

आता दुसऱ्या गटाचं. राइट-ऑफ कर्जांतून त्याच नऊ वर्षांत वसुली झाली सुमारे 2.04 लाख कोटींची. म्हणजे रुपयामागे 14 पैसे. उरलेल्याचा भार बँकांच्या नफ्यावर पडला, आणि सरकारी बँकांना भांडवल पुरवण्यासाठी सरकारनं 2016-17 ते 2020-21 या काळात सुमारे 3.11 लाख कोटी घातले. तो पैसा जनतेचाच. 'हा फक्त हिशेबाचा भाग' म्हणणारे हे सोडून देतात, आणि आमच्या मते ही लपवाछपवी पहिल्या फुगवट्याइतकीच वाईट आहे.

तुलना करताना आणखी एक गफलत होते. एका बाजूला देशभराची नऊ वर्षं, दुसऱ्या बाजूला एका राज्याची एकच योजना. शिवाय 2017 च्या राज्य कर्जमाफीचे 34 हजार कोटी हा जाहीर केलेला आकडा होता. जाहीर रक्कम आणि खात्यात पडलेली रक्कम वेगळी असते, तेव्हा कोणती सांगताय हे आधी विचारा.

प्रश्न : कापसाचा हमीभाव दुप्पट झाला, तोही खर्चाच्या दीडपट, असं प्रचारात ऐकलं. मग घरात पैसा का उरत नाही? (एक वाचक, पारोळा)

उत्तर : मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव 2013-14 मध्ये क्विंटलला 3,700 होता, 2024-25 मध्ये 7,121. म्हणजे दुपटीला थोडा कमी, पण 11 वर्षांत. वर्षाला वाढ सहा टक्क्यांच्या आसपास पडते. एवढ्यात खर्च किती वाढला ते पाहायचं, आणि इथे लोक सोयीची वस्तू निवडतात. बोलगार्ड-2 या बीटी कापूस बियाण्याची कमाल किंमत 2016 मध्ये पाकिटाला 800 होती, 2024 मध्ये 864, म्हणून बियाणं धरलं तर खर्च वाढलाच नाही असं दिसतं. वेचणीची मजुरी धरली की चित्र पालटतं. तेव्हा एकराचा सगळा खर्च मांडा.

'दीडपट'मध्येही मेख आहे. 7,121 हा भाव 4,747 रुपये खर्चावर काढलाय. त्या खर्चात बियाणं, खत, मजुरी अशी रोखीची बाब आणि घरच्यांची मेहनत धरतात. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि गुंतवलेल्या भांडवलाचं व्याज धरत नाहीत. स्वामीनाथन आयोगाच्या नावानं मागितला जातो तो दीडपट भाव हे दोन्ही धरून. दोघंही 'दीडपट'च म्हणतात, पण पायाच वेगळा.

शिवाय कापूस महामंडळाच्या केंद्रावर पूर्ण भाव 8 टक्के ओलाव्यापर्यंतच मिळतो, पुढे टक्क्यामागे कपात होते आणि 12 च्या वरचा माल घेत नाहीत. पहिल्या वेचणीचा ओला कापूस व्यापाऱ्याकडे गेला, तर हमीभाव कागदावरच राहतो.