मधले दिवस मोज

अगं,

तुझं पत्र मिळालं. पुण्यातल्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडातल्या राजेंद्र जक्कलवर लिहायला घेतलंस आणि त्याच्या बालपणातच अडकून पडलीस, हे वाचून आधी कळवळलो, मग चिडलो. ‘तो असा का झाला?’ सापडेल तेव्हा सापडेल. तू आधी तारखा लाव.

जानेवारी १९७६. कॉलेजातलाच ओळखीचा मुलगा, हॉटेलमालकाचा. ‘घर सोडून जातोय’ अशी चिठ्ठी जक्कल आणि साथीदारांनी त्याच्याच हातानं लिहून घेतली, मग गळा आवळला. मृतदेह पिंपात घालून पेशवे पार्कच्या तळ्यात. त्यानंतर ३१ ऑक्टोबर, विजयानगर कॉलनीत जोशींच्या घरातले तिघं. १ डिसेंबरला भांडारकर रोडवर व्याकरणपंडित काशिनाथशास्त्री अभ्यंकर, वय ८८, आणि घरातले आणखी चौघं. २३ मार्च १९७७ ला शेवटचा खून. दहा माणसं.

हे सगळ्यांना पाठ आहे. तू मधले दिवस मोज. पहिल्या खुनानंतर साडेनऊ महिने! पिंप तळाशी आणि हे अभिनव कला महाविद्यालयाचे विद्यार्थी टिळक रोडवर आपले वावरताहेत. झटक्यात केलं, डोकं फिरलं, दारिद्र्यानं केलं, ही सगळी स्पष्टीकरणं त्या साडेनऊ महिन्यांपुढे लुळी पडतात. जोशी आणि अभ्यंकर यांच्यामध्ये तर जेमतेम महिना. त्यातही २२ नोव्हेंबरला शंकरशेट रोडवर एक प्रयत्न फसलेला. फसल्यावरही थांबले नाहीत. पुण्यात संध्याकाळनंतर दारं उघडेनाशी झाली होती, आणि त्या धास्तावलेल्या शहरात ते चौघं रोज सकाळी उठत होते. तुझा जक्कल तिथे आहे, पाळण्यात नाही.

जक्कलचा साथीदार मुनव्वर शहा याचं तुरुंगातलं आत्मकथन वाचलंस, बरं केलंस. पण ते निकालपत्रानंतर वाचायचं असतं. फाशी समोर दिसत असताना माणूस स्वतःबद्दल लिहितो ते खोटंच असतं असं नाही. पण त्याला मधले दिवस आठवतात ते पश्चात्तापाच्या उजेडात. जगताना तो उजेड नव्हता.

मला लोक रुक्ष म्हणतात. ‘यांच्या लेखात माणूस दिसत नाही, नुसतं कॅलेंडर दिसतं,’ असं एका संपादकानं तोंडावर सांगितलं. म्हणू देत. ‘नराधम’ लिहिणाऱ्यांना आणि ‘बिचारा’ लिहिणाऱ्यांना मी सारखाच कंटाळलोय. दोघांनाही तारखा नको असतात. खंत एकच, माफीचा साक्षीदार सुहास चांडकची साक्ष उलटतपासणीसकट मुळातून वाचायची राहिली. तू वाच. मला आता ते झेपणार नाही.

आणि फाशीवर घाईनं घसरू नकोस. शिक्षा सप्टेंबर १९७८ ची; जक्कल, सुतार, जगताप आणि शहा येरवड्यात फासावर गेले २७ नोव्हेंबर १९८३ ला. ही पाच वर्षंही मधलेच दिवस. उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय, दयेचा अर्ज. फाशी असावी की नसावी यावर आपण भांडू, तू भेटशील तेव्हा. माझं मत तुला आवडणार नाही.

पुढच्या पत्रात नुसत्या तारखा पाठव, एकाखाली एक. जिथे काहीच घडलं नाही असं वाटेल ते आठवडेही लिही, कोरे सोडू नकोस. एकही विशेषण दिसलं तर परत पाठवीन.