चावेझ की सांचेझ?

प्रश्न : मेक्सिकोच्या सर्वकालीन मुष्टियोद्ध्यांत पहिला नंबर हुलिओ सेझार चावेझचाच ना? आमचे चिरंजीव कानेलो अल्वारेझवर अडून बसलेत. घरात रोज वाद!

उत्तर : चिरंजीवांना थोडं थांबायला सांगा. माझाही पहिला चावेझच, पण तुमच्याइतक्या ठामपणे नाही. त्याच्या पहिल्या ८७ लढती सलग विजयाच्या, हे खरं. पण १७ मार्च १९९०ची मेल्ड्रिक टेलरविरुद्धची लढत आठवा. तीनपैकी दोन पंचांच्या गुणपत्रिकेत टेलर आरामात पुढे होता. बाराव्या फेरीत चावेझने त्याला पाडलं, तो उठला, आणि अवघे २ सेकंद उरले असताना रेफ्रीने लढत थांबवून चावेझला विजयी ठरवलं. लढत संपल्याची घंटा आधी झाली असती तर? मी मात्र त्याच रात्रीमुळे चावेझला वर ठेवतो. हरत आलेली लढत शेवटपर्यंत न सोडणं याला मोल आहे.

खरी पंचाईत साल्वादोर सांचेझची. १९८१मध्ये त्याने तोवर अजिंक्य असलेल्या विल्फ्रेदो गोमेझला आठव्या फेरीत संपवलं. पुढच्या वर्षी जुलैत अझुमा नेल्सनला पंधराव्यात. आणि ऑगस्टमध्ये मोटार अपघातात गेला, वय २३. जे घडलंच नाही त्याचे गुण कसे द्यायचे? मी देत नाही, तरीही तो माझा दुसरा.

तिसरा रिकार्डो लोपेझ : ५१ विजय, १ बरोबरी, पराभव शून्य. वजनगट सर्वांत हलका म्हणून लोक त्याला विसरतात, याचा मला रागच येतो.

कानेलो? पहिल्या दहात नक्की. कितवा, ते तो निवृत्त झाल्यावर विचारा.