पहिला ॲम्प: घरात वाजवायला १५ वॅटचा ट्यूब ॲम्प घ्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पहिली इलेक्ट्रिक गिटार घेतलीय, वाजवणार घरातच, आणि मित्र म्हणतोय की घ्यायचा तर १५ वॅटचा ट्यूब ॲम्पच (काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा) घे, बाकी सगळी खेळणी. तर तो घ्यावा का?

नका घेऊ.

"बाकी सगळी खेळणी" हे शब्द मी जसेच्या तसे ऐकलेत आणि त्यांच्यापायी माझी दोन वर्षं गेली, म्हणून उत्तर लिहायला बसलो.

माझा मावसभाऊ माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा, आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो. तो बँडमध्ये वाजवायचा, अजूनही वाजवतो, आणि फार चांगलं वाजवतो. मला पहिल्या तीन कॉर्ड त्यानेच शिकवल्या, त्यामुळे गिटारच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा. पहिली नोकरी लागली तेव्हा मी एक लहानसा ट्रान्झिस्टरचा ॲम्प हेरून ठेवला होता, १० वॅटचा, आठ इंची स्पीकरवाला. दादाला सांगितलं तर तो चिडलाच. "अरे, एकदाच घे आणि खरं काहीतरी घे. ट्रान्झिस्टरचा आवाज मेलेला असतो. बोटं तयार होतात ती ट्यूबवर." मग आठ महिने पैसे साठवले आणि त्याच्या ओळखीतल्या, नुकत्याच मोडलेल्या एका बँडकडून ५० वॅटचं हेड (स्पीकर नसलेला नुसता ॲम्प) आणि चार बारा इंची स्पीकरचं कॅबिनेट घेतलं. जुन्या पद्धतीचं, मास्टर व्हॉल्यूम नसलेलं, म्हणजे आवाजाची जात तीच ठेवून नुसती पातळी कमी करायचा नॉब नसलेलं. तीन मजले ते धूड चढवताना एक बाजू दादाने स्वतः धरली होती.

ॲम्पमध्ये काहीही खोट नव्हती. मोठ्या हॉलमध्ये, ड्रमच्या शेजारी तो अप्रतिम वाजत असणार. माझी खोली दहा बाय बाराची होती.

व्हॉल्यूमच्या नॉबवर ० ते १० आकडे होते. ० आणि १ यांच्यामध्ये नखाएवढी जागा. त्यातली पहिली अर्धी मुकी. मग एक ठिकाण यायचं जिथे आवाज टीव्हीएवढा असायचा, आणि तिथून केसभर पुढे सरकलं की कपाटातल्या काचा थरथरायच्या. मी पॅनेलवर पांढऱ्या पेन्सिलीने एक बारीक रेघ मारून ठेवली होती. रोज श्वास रोखून नॉब त्या रेघेवर आणायचा, आणि मग वाजवताना त्याला चुकूनही धक्का लागू द्यायचा नाही. त्या रेघेवर ॲम्प पातळ आणि कोरडा वाजायचा. मास्टर व्हॉल्यूम नाही म्हणजे डिस्टॉर्शन (रॉकमधला तो फुटलेला, खरखरीत आवाज) हवं तर अख्खा ॲम्प दाबायला हवा, आणि ते त्या खोलीत शक्यच नव्हतं. ज्या आवाजासाठी तो घेतला, तो आवाज मी माझ्या घरात एकदाही ऐकला नाही.

खालच्या मजल्यावर एक आजी राहायच्या. एके दुपारी त्या जिने चढून वर आल्या. मला वाटलं आता ओरडणार. दारात दम घेत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "वाजव रे बाळा तू, चांगलं वाजवतोस. पण माझ्या पलंगाला कळतं."

त्या बरोबर बोलत होत्या. गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झला वाजते. एवढं जड कॅबिनेट थेट जमिनीवर ठेवलं की ती थरथर स्लॅबमध्ये उतरते, आणि खालच्या माणसाला सूर ऐकू येत नाहीत, नुसते ठोके पोहोचतात. त्या दिवशी मी पेन्सिलीची रेघ अजून खाली आणली.

पुढचं सगळं हळूहळू झालं. आधी रोजचा अर्धा तास फक्त रविवारवर आला. मग ट्यूब तापायची वाट बघायची, आजींची झोपेची वेळ टाळायची, एवढं करून वाजवायचं वीस मिनिटं, म्हणून रविवारही सुटले. गिटार केसमध्ये गेली. तारांना गंज चढला. दादाला फोनवर सांगितलं की आवाज मनासारखा येत नाही, तर म्हणाला, "उघड ना जरा, घाबरतोस काय? तुझा कान अजून तयार नाही." हे वाक्य मला लागलं, कारण मी ते खरं मानलं. दोन वर्षं मी समजत होतो की माझ्या हातात आणि कानातच काहीतरी कमी आहे.

दोन वर्षांनी सुट्टीत भाचा राहायला आला. त्याच्याकडे एक छोटा मॉडेलिंग ॲम्प (वेगवेगळ्या ॲम्पच्या आवाजाची डिजिटल नक्कल करणारा) होता, पुस्तकांच्या फळीवर मावेल एवढा. रात्री अकराला सगळे झोपल्यावर मी त्यात हेडफोन लावले, सहज म्हणून. उठलो तेव्हा दोन वाजले होते. गिटार तीच होती, तारा गंजलेल्याच होत्या, बोटंही माझीच. पण वाकवलेला सूर हवा तितका वेळ टिकत होता आणि पिक हलकं लावलं तर आवाज खरंच हलका होत होता. मी त्या रात्री रडलो, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

मग मी हिशेब करायला बसलो. तुमच्या मित्राला हा जरूर दाखवा. गिटारचा साधारण बारा इंची स्पीकर १ वॅटवर एक मीटर अंतरावर ९८ डेसिबलच्या आसपास आवाज देतो. पॉवर दहापट केली की १० डेसिबल वाढतात, आणि कानाला ते जेमतेम दुप्पट वाटतात. म्हणजे ५० वॅटचा ॲम्प ५ वॅटच्या ॲम्पपेक्षा दहापट मोठा वाजत नाही, फार तर दुप्पट. आता उलटं चला. एका वॅटचा शंभरावा भाग घेतला तर उरतात ७८ डेसिबल. माणसं साधं बोलतात ते ६० च्या आसपास. म्हणजे ७८ हा घरातला बऱ्यापैकी मोठा आवाज झाला. तुम्ही घरात वाजवता ते वॅटच्या शंभराव्या भागावर. १५ वॅटचा ट्यूब ॲम्प तर ड्रमरसोबत छोट्या खोलीत वाजवायला पुरतो. तो घरात लावला तर तुम्हीही माझ्यासारखे पहिल्या आकड्याच्या आतच अडकाल.

आणि "मेलेला आवाज"? १९३३ साली बेल लॅब्जमध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी माणसाचा कान मोजला. आवाज कमी असला की आपल्याला खालचे सूर कमी ऐकू येतात, अगदी वरचेही थोडे दबतात. मधला पट्टा तेवढा उरतो. हळू वाजणारा कुठलाही ॲम्प मेलेला वाटतो तो म्हणून, आत ट्यूब असो नाहीतर ट्रान्झिस्टर. दादाने ट्यूब नेहमी तालमीच्या हॉलमध्ये मोठ्याने ऐकल्या होत्या आणि ट्रान्झिस्टर कुणाच्या तरी घरात हळू. तुलना दोन खोल्यांची होत होती, त्याला वाटत होतं दोन ॲम्पची होतेय. ट्रान्झिस्टर मुळातच मेलेला असता तर रोलँडचा जेसी-१२० हा पूर्ण ट्रान्झिस्टरचा ॲम्प १९७५ सालापासून क्लीन, म्हणजे न फुटलेल्या, आवाजासाठी नावाजला गेला नसता.

हे सगळं मी दादाला ऐकवायला त्याच्या घरी गेलो होतो. त्याचं ट्यूबचं हेड बैठकीच्या कोपऱ्यात होतं, चादरीने झाकलेलं, वर इस्त्रीच्या कपड्यांची चळत. मी विचारलं, "दादा, हा घरी कधी लावतोस?" तो म्हणाला, "घरी कशाला? घरी अकूस्टिक आहे की." मी पुढे काही बोललो नाही. त्याने मला खोटं काही सांगितलं नव्हतं, पण घरात ट्यूब ॲम्प लावून वाजवायचा अनुभव त्याला एका दिवसाचाही नव्हता. तुमच्या मित्रालाही एवढंच विचारा: तू घरात कशावर वाजवतोस, आणि आठवड्यातून किती दिवस?

आता तुम्ही घ्यायचं काय? घरासाठी बनवलेला मॉडेलिंग किंवा साधा ट्रान्झिस्टरचा ॲम्प. आवाज कमी ठेवूनही चांगला वाजावा, ही पहिली अट, आणि माझ्या मते जवळजवळ शेवटची. यामाहाची टीएचआर मालिका २०११ पासून नेमक्या याच कामासाठी आहे, दोन लहान स्पीकर, टेबलावर ठेवायचा. स्पीकर थोडा मोठा हवा आणि पुढे कधी मित्रांसोबत वाजवायची शक्यता असेल तर बॉसचा कटाना-५० बघा. त्यात बारा इंची स्पीकर आहे आणि पॉवर ०.५ वॅटवर आणायची सोय आहे. हेच दोन घ्या असं नाही, उदाहरणं म्हणून सांगतोय. हेडफोनचा जॅक नसलेला ॲम्प मात्र मी कुणालाही पहिला म्हणून घेऊ देणार नाही. गाण्यासोबत वाजवायला ऑक्स (तारेने फोन जोडायचा जॅक) किंवा ब्लूटूथ असेल तर उत्तम. रिव्हर्ब हवाच, कारण छोट्या खोलीत स्वतःचा घुमारा नसतो. मॉडेलिंगमध्ये शंभर आवाज मिळतात, त्यातले तीन निवडा, एक क्लीन, एक थोडा फुटलेला, एक पूर्ण गेनचा म्हणजे खूप फुटलेला, आणि सहा महिने बाकीच्यांना हात लावू नका. नाहीतर संध्याकाळ नॉब फिरवण्यात जाते.

ॲम्प बघायला जाताना स्वतःची गिटार न्या. दाखवणारा माणूस आवाज वाढवेल, तो कमी करायला सांगा. शेजारच्या माणसाशी आवाज न चढवता बोलता येईल इतका. त्या आवाजावर दहा मिनिटं वाजवा. तेवढ्यावर मजा आली तर तो तुमचा ॲम्प. मोठ्या आवाजात सगळेच छान वाटतात.

घरी आणल्यावर जमिनीवर ठेवू नका, भिंतीला किंवा कोपऱ्यात चिकटवू नका, तिथे खालचे सूर फुगतात. स्टूलवर किंवा फळीवर, स्पीकर कानाच्या दिशेने. वरचे सूर स्पीकरच्या नाकासमोर सरळ जातात. ॲम्प पायाशी असेल तर ते गुडघ्याला ऐकू जातात आणि तुम्ही उगाच ट्रेबल वाढवत बसता. आणि होम थिएटरच्या स्पीकरला गिटार थेट जोडायचा जुगाड करू नका. गिटारच्या पिकअपला (तारांचं कंपन पकडणाऱ्या भागाला) साधारण १ मेगाओहमचं इनपुट लागतं, तिथे ते नसतं, म्हणून आवाज गुदमरतो. वर डिस्टॉर्शन लावलं तर माशा घोंगावल्यासारखं ऐकू येतं, कारण गिटारचा स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या वरचं बरंच काही गाळून टाकतो आणि साधा स्पीकर ते सगळं वाजवतो.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. मी ट्यूबच्या विरोधात नाही. तुमचं घर सुटं असेल, भिंतीपलीकडे कुणी नसेल, तर ट्यूब घ्यायचं दादाचं म्हणणं ठीकच आहे आणि माझं अर्धं उत्तर तुम्हाला लागू नाही. १ वॅटचे ट्यूब ॲम्पही मिळतात, चांगला मास्टर व्हॉल्यूम किंवा ॲटेन्युएटर (स्पीकरपर्यंत जाणारी पॉवर कमी करणारा) असेल तर मोठाही थोडा आवरतो. पण १ वॅटसुद्धा खोलीत मोठाच वाजतो, वरचा हिशेब पुन्हा बघा. ट्यूब घेतलाच तर स्पीकर जोडल्याशिवाय कधीही चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. आणि मागचं झाकण उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठलेले राहू शकतात, त्यांनी जीव जाऊ शकतो. ब्लूटूथ हेडफोन गिटार ऐकायला चालत नाहीत, तार छेडल्यावर आवाज उशिरा येतो. तारवाले घ्या, आणि त्यांचाही आवाज आवरता ठेवा. माझ्या त्या रात्रीच्या तीन तासांनंतर सकाळपर्यंत कानात शिट्टी वाजत होती.

तुमची खोली केवढी, भिंतीपलीकडे आणि खाली कोण राहतं, आणि तुम्हाला वाजवायला वेळ कधी मिळतो, सकाळी की रात्री जेवणानंतर, हे खाली लिहा. मग नेमक्या मॉडेलचं बोलू.