पावसात पांढरं पडलेलं काँक्रीट

प्रश्न : ताई, नमस्कार. जुळे सोलापुरात आमचं बैठं घर आहे. फाटकापासून पोर्चपर्यंत ३० फूट लांब, १० फूट रुंद काँक्रीट आहे, दोन वर्षांपूर्वी केलेलं. गेल्या मे महिन्यात रंगकामवाल्याने त्यावर चकचकीत सीलर, म्हणजे काँक्रीटला पाणी आणि डागांपासून जपणारं द्रावण, मारून दिला. महिनाभर छान दिसलं. पाऊस सुरू झाला आणि दूध सांडल्यासारखे पांढरे डाग उठले. गाडीची चाकं उभी राहतात तिथे पापुद्रे निघाले. आता तो म्हणतो, वरून आणखी एक हात मारू, सगळं झाकलं जाईल. मारू द्यावा का?

उत्तर : नका मारू देऊ. तुमचं पत्र वाचून मी उलट टपाली दोन गोष्टी विचारल्या होत्या. सीलर किती वाजता लावला, आणि काँक्रीटच्या बाजूला काय आहे? तुम्ही कळवलंत, दुपारी जेवणं झाल्यावर लावला आणि एका कडेने जास्वंदीचा वाफा आहे, खाली काळी माती. दुखणं इथेच आहे.

तुमच्याकडे लावला तो अ‍ॅक्रिलिकचा, म्हणजे वर पातळ कातडं धरणारा सीलर. मेमधल्या दुपारी आपल्याकडे पारा ४२-४३ वर जातो, काँक्रीटवर अनवाणी पाय टेकवत नाही. अशा तापल्या पृष्ठभागावर सीलरची वरची साय लगेच धरते. खालचं पातळ द्रावण मात्र आतच अडकतं, बाहेर पडू बघतं आणि बारीक बारीक फोड उठतात. मग पावसाळ्यात काळी माती पाणी धरून बसते. ती ओल काँक्रीटमधून वर चढते आणि त्या कातड्याखाली कोंडते. पांढरेपणा येतो तो त्यामुळे. चाकांखालचे पापुद्रे हे दुसरं प्रकरण : होटगी रस्त्यावरून तापून आलेला टायर त्या थरावर टेकला की थर मऊ पडतो, टायरला चिकटतो आणि गाडी निघाली की उचलला जातो. वर आणखी एक हात मारलात तर कोंडलेली ओल आणखी कोंडेल.

आधी खात्री करून घ्या. माझे वडील गवंडी होते. ओलीची शंका आली की रात्री ते जर्मनचं (अ‍ॅल्युमिनियमचं) ताट जमिनीवर पालथं घालायचे आणि कडेने कणीक थापायचे. सकाळी ताट उचलून आतल्या बाजूने बोट फिरवायचे. बोट ओलं झालं की पुढचं काम बंद. तुम्ही पापुद्रा निघालेल्या उघड्या जागी दीड फूट लांबी-रुंदीचं प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करा आणि किमान १६ तास ठेवा. खाली थेंब जमले किंवा काँक्रीट गडद दिसलं, तर ओल अजून येते आहे.

दुसरी खूण. हाताच्या पंजाएवढ्या डागावर झायलीनमध्ये, म्हणजे रंग विरघळवणाऱ्या द्रावणात, भिजवलेलं फडकं फिरवा. रंगाच्या दुकानात मिळतं, पण तोंडाला मास्क, हातात मोजे हवेत आणि जवळपास विडी-काडी नको. पांढरेपणा विरघळून गेला तर दोष थराचा. तसाच राहिला तर तो लोणा, म्हणजे ओलीबरोबर वर आलेला क्षार.

उपाय कष्टाचा आहे. रंग काढायचा जेल लावून, ब्रशने घासून जुना थर पूर्ण काढावा लागेल. अ‍ॅसिड ओतायला कुणी सांगेल, ऐकू नका. अ‍ॅसिडने हा थर निघत नाही, उघड्या जागचं सिमेंट मात्र खाल्लं जातं. वाफ्याच्या कडेने चर काढून पाणी रस्त्याच्या बाजूला वळवा. मग सुकू द्या. आपल्याकडे सर्वांत जोराचा पाऊस सप्टेंबरात पडतो, तेव्हा दिवाळीआधी डब्याला हात लावू नका. जानेवारीत गड्ड्याची यात्रा भरते ते दिवस मला या कामासाठी सगळ्यांत आवडतात. हवा कोरडी, ऊन सौम्य. सकाळी दव उडाल्यावर आणि जमीन तापायच्या आत लावायचं.

आणि या वेळी अ‍ॅक्रिलिक नको, सिलेन-सिलोक्झेनचा सीलर मागा. तो वर थर धरत नाही, काँक्रीटच्या छिद्रांत मुरतो. पाणी आत शिरू देत नाही, पण आतली वाफ बाहेर जाऊ देतो. चकाकी मिळणार नाही, काँक्रीट काँक्रीटसारखंच दिसेल. पुढे दर वर्षी वळवाच्या आधी चार थेंब पाणी टाकून बघा. थेंब मण्यासारखे उभे राहिले तर सीलर जिवंत आहे. पाणी जिरून गडद डाग पडला, की पुन्हा लावायची वेळ झाली.

एक मनापासून सांगते. बर्फाच्या मुलखात सीलर लावतात कारण आत शिरलेलं पाणी गोठून काँक्रीट फोडतं. आपल्याला तो धोका नाही. इथे सीलर तेलाचे डाग, शेवाळ आणि धूळ सुटणं यांसाठी. काँक्रीट चांगलं असेल तर सीलर न लावताही ते वर्षानुवर्षं टिकतं.

प्रश्न : आम्ही एप्रिलमध्ये नवीन काँक्रीट टाकतो आहोत. नळाला पाणी रोज येत नाही. ठेकेदार म्हणतो, तीन दिवस पाणी मारू आणि वरून सीलर मारू. चालेल?

उत्तर : चालणार नाही. आय.एस. ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात कोरड्या, उष्ण हवेत किमान १० दिवस पाणी द्यायला सांगितलं आहे आणि मिश्र सिमेंटला १४ दिवस. बाजारात मिळतं ते बहुतेक पी.पी.सी. (राख मिसळलेलं सिमेंट), म्हणजे मिश्रच, तेव्हा १४ धरा. पाणी कमी असेल तर जुनी गोणपाटं किंवा विरलेल्या चादरी भिजवून अंथरा आणि वर प्लास्टिक घाला. निम्म्याहून कमी पाण्यात भागतं. पाइपने दिवसातून दोनदा शिंपडलेलं पाणी मात्र एप्रिलच्या उन्हात तासाभरात उडून जातं, त्याला पाणी मारणं म्हणत नाहीत. सीलरचा विचार २८ दिवसांनंतर.

काळी माती असेल तर ती काढून मुरूम भरा आणि पाणी मारून दाबून घ्या. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरचं काँक्रीट चिरते. ४ इंच जाडी असेल तर दर ८ ते १० फुटांवर कटरने इंचभर खोल सांधा मारा. त्याच दिवशी मारा, दुसऱ्या दिवसापर्यंत चीर स्वतःची वाट शोधते. ढाळ फुटाला पाव इंच, घरापासून बाहेर. माल पहाटे टाका. आणि मिक्सरपाशी स्वतः उभे राहा, कारण उन्हात माल घट्ट होऊ लागला की कामगार हमखास बादलीभर पाणी वाढवतात. पुढे वर्षभर झाडूला पांढरी धूळ येत राहते ती त्या बादलीमुळे.

प्रश्न : सीलर लावल्यावर अंगणात रांगोळी उमटेल का? आणि स्कूटरच्या तेलाचा डाग कसा काढू?

उत्तर : चकचकीत थरावर रांगोळी घसरते, वारा आला की रेघ मोडते. मुरणाऱ्या सीलरवर नेहमीसारखी उमटते, मी माझ्या दारात रोज काढते. तेल ताजं असेल तर पुसू नका, पुसलं की पसरतं. वर लाकडाचा भुसा किंवा कोरडं सिमेंट टाकून रात्रभर ठेवा, सकाळी झाडून घ्या, मग भांड्यांच्या साबणाने ताठ ब्रशने घासा. जुना डाग एका फेरीत जात नाही, तीन-चार वेळा हेच करावं लागतं.