बडोद्याच्या उन्हाळ्यात वेली आणि गच्चीबाग: घर खरंच गार होतं का?

तुमचा प्रश्न असा: "बडोद्यात सर्वांत वरच्या मजल्यावर राहतो. मे महिन्यात रात्री अकरालाही भिंती तापलेल्या असतात. गच्चीवर, भिंतीवर झाडं लावून उकाडा कमी होतो का, की ते फोटोपुरतंच?"

कमी होतो, पण झाड कुठे लावता यावर सगळं आहे. माझं बालपण बडोद्याच्या दांडिया बाजारात गेलं, पुढे पस्तीस वर्षं बांधकामाच्या कामात गेली आणि आता मीही वरच्याच मजल्यावर राहते.

आधी सूर्य बघा. बडोदं कर्कवृत्ताच्या जरासं दक्षिणेला. मेच्या अखेरीस भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो, त्यामुळे त्या दिवसांत दक्षिणेच्या भिंतीला ऊन फारसं लागतच नाही. तापते ती गच्ची, आणि तीन वाजल्यापासून पश्चिमेची भिंत. कितीतरी लोक दक्षिणेच्या बाल्कनीत कुंड्यांची रांग लावतात आणि मग म्हणतात, फरक पडला नाही. कसा पडणार?

पश्चिमेच्या भिंतीसमोर लोखंडी जाळी उभी करा, पण भिंतीपासून वीतभर अंतर सोडून. मधली हवा खेळती राहिली पाहिजे, आणि वेल प्लास्टरला चिकटता कामा नये. मी अर्ध्या पिंपात मधुमालती लावली. पहिल्या उन्हाळ्यात ती नुसतीच वाढत होती. दुसऱ्या उन्हाळ्यात मात्र रात्री नऊ वाजता आतून भिंतीला तळहात टेकवता येऊ लागला, जे आधी शक्य नव्हतं. तेवढा धीर नसेल तर फेब्रुवारीत गिलक्याचा किंवा दोडक्याचा वेल सोडा; मेपर्यंत जाळी बऱ्यापैकी भरते आणि भाजीही मिळते. पिंपळाचं किंवा वडाचं रोप भेगेत उगवलेलं दिसलं तर मात्र लगेच काढा. बडोद्याचं नाव वडावरून आलं असं मानतात, तरी वडाची जागा जमिनीत आहे, भिंतीत नाही.

सावली हे अर्धं काम. उरलेलं अर्धं पाणी करतं. पानांतून एक लिटर पाणी वाफ होऊन जातं, तेव्हा ते साधारण दोन-तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता शोषून घेतं. ही सगळी उष्णता तुमच्या खोलीतून जात नाही, बरीचशी बाहेरच्या हवेतून जाते; पण भिंतीलगतची हवा निवते. कोरड्या मे महिन्यात हे छान चालतं. जूनमध्ये, पावसाआधीच्या दमट दिवसांत, बाष्पीभवनाचा उपयोग कमी होतो आणि सावलीच कामी येते. पाणी न मिळालेल्या, पानं गळलेल्या वेलीचा मात्र दोन्हीकडून उपयोग नाही.

आता गच्ची. इथे मी स्वतः चूक केली आहे. वीस वर्षांपूर्वी अर्ध्या गच्चीवर सरळ माती पसरली, खाली वॉटरप्रूफिंगचा नीट थर न देता. पुढच्या पावसाळ्यात झोपायच्या खोलीच्या छताला ओल आली आणि सगळी माती बादल्यांनी खाली उतरवावी लागली. ओल वेगळी, वजन वेगळं. लोकांचा वावर असलेल्या घरगुती गच्चीसाठी आपल्या बांधकामाच्या मानकात चौरस मीटरला साधारण 150 किलो लाइव्ह लोड, म्हणजे माणसं-सामानाचं येतं-जातं वजन, धरतात. पंधरा सेंटिमीटर ओली माती एकटीच चौरस मीटरला 270 ते 300 किलो भरते. त्यावर उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, अख्खी सोसायटी पतंग घेऊन चढते, हे विसरू नका. स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय जाड मातीची बाग करू नका.

त्यापेक्षा स्लॅब पांढरा ठेवा. आपल्याकडे गच्चीवर चायना मोझॅक, म्हणजे पांढऱ्या टाइल्सचे तुकडे, बसवायची पद्धत आहेच. उन्हाळ्याआधी ते घासून धुतलं की ऊन परत फेकतं. अहमदाबादने 2013 मध्ये उष्णतेसाठी कृती आराखडा केला, आणि पुढे तिथे पांढऱ्या छतांवरही भर दिला गेला. अशा पांढऱ्या गच्चीवर हलका मांडव घालून बीमवर ठेवलेल्या पिंपांतून वेल चढवा. जानेवारीपर्यंत भाजीचा वेल संपलेला असतो, पतंगांना आभाळ मोकळं मिळतं.

इटलीतल्या मिलानच्या 2014 मधल्या, बाल्कन्यांत झाडं लावलेल्या मनोऱ्यांचे फोटो बघून भुलू नका. तिथे प्रशिक्षित माळी दोरांना लटकून छाटणी करतात, आणि ऊनही इथलं नाही.

एका इमारतीने शहर गार होत नाही. तरी न तापलेली भिंत रात्री गल्लीत उष्णता सोडत नाही, आणि एसी कमी चालला की त्याची गरम हवाही शेजाऱ्याच्या खिडकीवर कमी जाते. मेमधल्या संध्याकाळी काळ्या घोड्याच्या चौकाकडून कमाटीबागेत, आपल्या शहरातल्या मोठ्या बागेत, शिरताना जो गारवा लागतो, तो जमिनीत मुळं रोवलेल्या मोठ्या झाडांचा आणि उघड्या मातीचा आहे. म्हणून जाळीचं माप घेण्याआधी खाली उतरून बघा: सोसायटीच्या पश्चिमेला चार फूट तरी फरशी नसलेली जमीन आहे का? असेल तर पहिल्या पावसात तिथे कडुलिंब लावा. मधुमालती त्याच आठवड्यात लावली तरी चालेल.