रात्री बारा वाजता गेटची कडी वाजते

"मॅडम, मला वेड तर लागत नाहीये ना?" नाशिकच्या सिडकोतल्या काकूंनी खुर्चीत टेकायच्या आधीच विचारलं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) काका सातपूरच्या एका कारखान्यात होते. दुसऱ्या पाळीहून यायला रात्रीचे बारा वाजायचे. त्यांना जाऊन चार महिने झाले, तरी बाराला काकूंना गेटची कडी ऐकू यायची, मग स्कूटर स्टँडला लावल्याचा आवाज. दोनदा तर त्या भाजी गरम करायला उठल्या. नणंद म्हणत होती, जीव अडकलाय, त्र्यंबकला नारायण नागबळीचा विधी करून घ्या.

मी एकच सांगितलं: कडी वाजली की खिडकीतून बघा आणि वहीत लिहा. सात रात्रींपैकी चार वेळा समोरचा मुलगा आपल्या गेटातून मोटारसायकल आत घेत होता. उरलेल्या तीन रात्री बाहेर कोणीच नव्हतं.

कानात शिरतात ती फक्त हवेची कंपनं. आतल्या कानातल्या सूक्ष्म केसपेशी त्यांचे विद्युत संदेश करून मेंदूकडे धाडतात. मानसशास्त्रात याला वेदन म्हणतात. ती 'खट्' कडीची आहे आणि आपल्याच गेटची आहे, हे ठरवतो मेंदू, ते संवेदन. ठरवताना तो सवयीचं उत्तर आधी धरतो. वर्षानुवर्षं बाराला कान गेटाकडे लागलेले असतील, तर समोरची कडीही आपलीच वाटते. आणि ओढ फार असेल, तर आवाज नसतानाही तो ऐकू येतो.

ब्रिटनमधल्या वेल्सचे डॉक्टर रीस यांनी तिथल्या २९३ विधवा-विधुरांशी बोलून १९७१ मध्ये हेच नोंदवलं: जवळपास निम्म्यांना गेलेल्या जोडीदाराची चाहूल लागली होती. बहुतेकांनी ती कुणाला सांगितलीच नव्हती.

काकू गप्प झाल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "म्हणजे ते येत नाहीत तर." मी समजावण्याची घाई केली होती. त्या दिवशी पुढचा सगळा वेळ आम्ही फक्त काकांबद्दल बोललो.

विधी मनाच्या समाधानासाठी करावासा वाटला तर करा, भीतीपोटी नको, एवढंच मी म्हटलं. मात्र आवाज धमकावू लागले, काही करायला सांगू लागले, झोप-जेवण सुटलं किंवा जगणंच नको वाटलं, तर वाट न बघता मनोविकारतज्ज्ञांना गाठा, हे मी त्यांना आणि नणंदेलाही बजावलं.

परवा काकू आल्या होत्या. कडी अधूनमधून वाजते म्हणाल्या. वही मात्र भरत आलीय. तिच्यात आता काकांच्या आठवणी लिहितात.